तिया दुल्सेचा एक प्रश्न

दुल्से फुर्टाडो आमच्या शाळेच्या स्वयंपाकघरात सूप ढवळते आणि दुपारी अडीचला ॲप्रन काढून मागच्या मैदानात पोरींना हातोडाफेक शिकवते. तारेला बांधलेला लोखंडी गोळा गरगर फिरवून लांब भिरकावायचा, असा हा खेळ. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत शाळेतल्या मुलांच्या हातात तो कुणी देत नाही, आमच्या ऱ्होड आयलंडात देतात. म्हणून मोठमोठ्या कॉलेजांचे कोच आमच्या ईस्ट प्रॉव्हिडन्सच्या पोरींवर डोळा ठेवून असतात. हातोडा भलतीकडे जाऊ नये म्हणून लागणारा मैदानातला पिंजरा दुल्सेनं भावाच्या बोटीवरच्या फाटक्या मासेमारीच्या जाळ्यांचा केला आहे. पावसाळी दिवशी त्याला अजून मासळीचा वास येतो.

पोरी तिला तिया म्हणतात, म्हणजे मावशी. मी पाशेको, शाळेत कॉलेजांचे अर्ज बघते, म्हणून मला ती कागदवाली म्हणते. बावीस वर्षं आम्ही भांडतो आहोत आणि चूक बहुतेक वेळा माझीच निघते, हे तिच्यासमोर मी कधी कबूल केलेलं नाही.

दुल्से हा खेळ शिकली ती मुलीसाठी. झुल्मिराला शिकवायला शाळेत कुणी नव्हतं, तेव्हा हिनं वाचनालयातून चित्रफिती आणल्या आणि अंगणात झाडू गरगर फिरवून पावलं बसवली. झुल्मिरा राज्यात पहिली आली. एका नामांकित कॉलेजचा कोच दर रविवारी फोन करू लागला. 'तू आम्हाला फार आवडलीस, आमच्यात अगदी शोभशील,' म्हणायचा. घरी त्यांचा शर्टही आला. झुल्मिरानं दुसऱ्या दोन कॉलेजांना नाही म्हणून टाकलं आणि नोव्हेंबरात तिथं एकाच ठिकाणी अर्ज केला. डिसेंबरात नकार आला.

तेव्हा आम्हाला कळलं, की ही कॉलेजं शंभरात आठदहा मुलं घेतात, पण प्रत्येक कोचला प्रवेश कचेरीकडे मोजकी नावं देता येतात. जुलैत कोच गुणपत्रक मागवून कचेरीला दाखवतो. कचेरी 'चालेल' म्हणाली, की आपल्या हातातलं एक नाव या पोरीवर खर्च करायचं की नाही, ते तो ठरवतो. जिचं नाव जातं तिचं बहुधा होतं. बाकीच्यांनाही तो गोडगोड फोन करतच राहतो, कारण वरची कुणी गळाली तर हाताशी कुणीतरी हवं. झुल्मिराचं नाव त्यानं कधी दिलंच नव्हतं. दुल्सेनं जाब विचारला तर म्हणाला, "मी शब्द कुठे दिला होता?" खरंच दिला नव्हता. मला अजूनही त्या माणसाचा राग येतो.

त्या वर्षी दुल्सेनं एका कार्डावर एक प्रश्न लिहिला आणि स्वयंपाकघरात सूपच्या कृतीशेजारी टाचला: 'प्रवेश कचेरीला तुम्ही जी नावं देता, त्यात माझं नाव आहे का? हो की नाही?' फोनवर प्रत्येक पोरीनं तो विचारायचाच, असा तिचा कायदा.

गेल्या जुलैत पाळी इवोन टावारेसची होती. तिची आई न्यूपोर्टच्या हॉटेलात खोल्या आवरते. आजोळ आफ्रिकेजवळच्या केप व्हर्दच्या फोगो बेटावर. आजीचं घर तिथं लाव्ह्याखाली गेलं, आणि तेव्हापासून पोरीच्या डोक्यात ज्वालामुखीच. उत्तरेकडच्या डोंगरातल्या एका कॉलेजात त्याच्या अभ्यासाचा उत्तम विभाग आहे, आणि आत शिरलं की घरची मिळकत बघून फी ठरते, म्हणजे तिच्या आईला जवळजवळ काहीच पडणार नव्हतं. खेळाशिवाय तिथं इवोनला प्रवेश मिळणं कठीण होतं. मी सुट्टीतली शाळा उघडून तिचं गुणपत्रक धाडलं, कचेरी 'चालेल' म्हणाली, आणि तिथल्या कोच व्हिटकॉम्बबाईंचा फोन आला. आम्ही तिघी स्वयंपाकघरात फोन मोठा करून बसलो.

व्हिटकॉम्बबाई भरभरून बोलत होत्या. दुल्सेनं कार्डाकडे बोट केलं. इवोननं नको म्हणून मान हलवली. दुल्सेनं डाव उचलून पुन्हा बोट केलं.

"कोच," इवोन कशीबशी म्हणाली, "कचेरीला तुम्ही जी नावं देता, त्यात माझं आहे का? हो की नाही?"

मग बाई म्हणाल्या, "फेकणाऱ्यांसाठी माझ्याकडे दोनच नावं आहेत. तू तिसरी आहेस."

इवोनचे डोळे भरले. दुल्सेनं फोन स्वतःकडे ओढला. "दुसरीच्या मागे किती?"

"सहा फूट."

"मुदत?"

"ऑगस्ट अखेर. पण सरावातली फेक धरणार नाही हं. स्पर्धा हवी, अधिकृत पंच हवेत."

"धन्यवाद. खरं बोललात." फोन ठेवून दुल्से इवोनकडे वळली. "आता काय रडतेस? सहा फूट म्हणजे काय, ही फ्रीजची उंची. ऊठ."

"तिया, ऑगस्टमध्ये स्पर्धा असते कुठं?"

"आपल्या मागच्या मैदानात असते. आत्ताच ठरलं."

पुढचे पाच आठवडे पोरगी रोज सकाळी सहाला मैदानात. फेकण्याआधीच्या तिसऱ्या गिरकीत तिचा उजवा पाय उशिरा टेकायचा. दुल्सेनं दुसरं काही बघितलंच नाही, तेवढा एक पाय धरून बसली. मी एकदा म्हटलं, "अगं, जरा विसावा दे तिला." तर म्हणे, "कागदवाले, तुझे कागद तू बघ." मी खरंच कागद बघत होते. पंचांची परवानगी, मैदानाचा विमा, सगळं माझ्याच गळ्यात होतं.

एकटीनं फेकलं तर ती स्पर्धा होत नाही. म्हणून दुल्सेनं जुन्या पोरींना निरोप धाडले. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी सहा जणी आल्या. एक टपालखात्यातली, एक पाच महिन्यांच्या बाळाला घेऊन, आणि सदतीस वर्षांची झुल्मिरा, जी आता हॉस्पिटलात एक्स-रे काढते. पंच कोवालचिक म्हातारे आणि महाकडक. त्यांनी हातोडा तोलला, वर्तुळ मोजलं, दुल्सेलाही जाळीपासून लांब उभं केलं.

झुल्मिराचा हातोडा नव्वद फुटांवर पडला.

"बाई गं, सूपचं पातेलं याच्यापेक्षा लांब जातं," दुल्से ओरडली.

"मग तूच फेक की, आई. झाडू आणू का?"

इवोनची जुनी फेक एकशे अठ्ठ्याहत्तर फुटांची. पहिले दोन हातोडे जाळीत गेले. मग एकशे बहात्तर, एकशे एक्याऐंशी. पाचवा बरोबर एकशे चौऱ्याऐंशी, म्हणजे नुसती बरोबरी. झुल्मिरा तिच्याजवळ गेली.

"माझ्या वेळी आईला तो प्रश्न ठाऊक नव्हता," ती म्हणाली. "तुला निदान कळलंय किती फूट हवेत. घे तेवढे."

सहाव्या फेकीला उजवा पाय वेळेवर टेकला. हातोडा सुटला तेव्हाच दुल्सेनं डोळे मिटून घेतले. कोवालचिकनी पोलादी फीत दोनदा ताणली. एकशे शहाऐंशी फूट, नऊ इंच. दुल्से गवतावर बसली आणि सगळ्यांदेखत ढसाढसा रडली. मीही रडले, उगाच कशाला लपवू?

निकालाचा कागद मी तिथूनच पाठवला. अर्ध्या तासात फोन आला. "इवोन, तुझं नाव जातंय. तू येणार ना?"

इवोन म्हणाली, "कोच, काल जी दुसरी होती, तिला कधी सांगणार?"

"बघू. ऑक्टोबरपर्यंत कुणी गळालंच तर..."

"आज सांगा," पोरगी म्हणाली. "मी येणार. पण आधी तिला फोन करा, स्पष्ट सांगा. तोवर मी इथंच थांबते."

मी दुल्सेला कोपरानं ढोसलं. हातात आलेलं घालवते की काय ही पोर! दुल्से हलली नाही. झुल्मिराकडे बघत राहिली. व्हिटकॉम्बबाईंनी फोन ठेवला.

चाळीस मिनिटं गेली. कुणी घरी गेलं नाही. बाळ रडलं, निजलं. मी मनातल्या मनात दुल्सेला आणि तिच्या कार्डाला शिव्या घातल्या.

फोन वाजला. "सांगितलं तिला," व्हिटकॉम्बबाई म्हणाल्या. आवाज थकलेला होता. "इवोन, तुझं नाव गेलं. ती मुलगी खूप रडली. मला विचारत होती, की आता मी कोणत्या कोचकडे जाऊ. मला काही सांगता आलं नाही."

दुल्सेनं डोळे पुसले आणि फोन हातात घेतला.

"तिला माझा नंबर द्या," ती म्हणाली. "म्हणावं, अजून ऑगस्टच चाललाय."