सटवाची भिंत

धारूरच्या किल्ल्याखालच्या माळावर सटवा लोणारी चुन्याची भट्टी लावायचा. निजामाचा अमल होता, फसली तेराशे बावीस साल. सटवाच्या चुन्याला नाव होतं. पण चैत्रात पश्चिमेचं वारं सुटलं, की उघड्यावरच्या ढिगातून भुकटी उठायची आणि खालची आळी पांढरी व्हायची. पाण्याला निघालेल्या बाया डोळ्यांवर पदर ओढून त्याला शिव्याशाप द्यायच्या. सटवा म्हणायचा, "चुना हाय, उडंलच की!"

त्या साली कडा गावाहून धोंडीराम लोणारी आला आणि हाकेच्या अंतरावर त्यानंही भट्टी घातली. आधी काय केलं, तर ढिगाच्या पश्चिमेला तुराट्यांच्या, तुरीच्या वाळल्या काड्यांच्या, उंच ताट्या बांधल्या. वारं सुटलं. सटवाच्या ढिगावरून लोट गेला. धोंडीरामचा ढीग जागच्या जागी. घागर घेऊन चाललेली केशरबाई मुद्दाम थांबली, "ह्याला म्हणत्यात अक्कल!"

सटवाला भाकरी गोड लागेना. त्यात त्याची बायको मुक्ताबाई. तिला दर उन्हाळ्यात खोकल्याची उबळ यायची. ती भर दुपारी धोंडीरामच्या ताटीआड जाऊन बसली.

"आवं, तितं दम लागत न्हाई," एवढंच ती बोलली. सटवाच्या अंगाचा तिळपापड झाला.

"त्यानं काड्या लावल्या, मी दगड लावतो!"

पंधरा दिवस राबून त्यानं माळावरचे धोंडे रचले, सगळ्या फटी मातीनं लिंपल्या. भिंत धोंडीरामच्या ताटीहून हातभर उंचच केली. मग मिशीला पीळ देत वाऱ्याची वाट बघत बसला.

वारं आलं. भिंतीवर आदळलं, वरून पलीकडं कोसळलं आणि गरगरत ढिगात शिरलं. असा लोट सटवानं जन्मात पाहिला नव्हता. मुक्ताबाई खोकता खोकता खालीच बसली.

धोंडीराम पाणी घेऊन धावला. म्हणाला, "सटवादादा, वारं आडवलं की चवताळतं. त्याला गाळून घ्यावं. फटीतून आलं की मवाळ व्हतं. माज्याकडं तुराट्या हायेत, घिऊन जावा."

"तू मला शिकिवतो का बे?" सटवा खेकसला. पण बायकोचे तांबडेलाल डोळे बघून त्यानं धोंडीरामच्या हातातलं पाणी घेतलं आणि तिला पाजलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं भिंत उतरवली. तुराट्या मात्र धोंडीरामच्या घेतल्या नाहीत. गाडी जुंपून थेट नांदूरघाट गाठला, तिथून आणल्या. ताट्या उभ्या राहिल्या, भुकटी बरीच बसली, मुक्ताबाईला झोप लागू लागली. "धोंडीरामसारखंच केलं की!" असं कोणी म्हणालं, की सटवा ताडकन उठून जायचा.

पुढं धोंडीरामच्या लेकीचं लग्न निघालं. सटवा गेला, पोटभर जेवला. परतीच्या वाटेवर मुक्ताबाईला म्हणाला, "मांडव वाकडाच घातलाय गं त्यानं."