पट्ट्याभोवतीच्या काट्या

दुष्काळ सरल्यावर आमच्या निघोज्यात मळणीचं मशीन येऊ लागलं. चाकणचे एक चाचा ते घेऊन गावोगाव फिरत. इंजिनापासून मशीनपर्यंत लांब पट्टा ताणलेला असायचा, आणि तो उघडाच फिरायचा. त्याची भीती कुणाला वाटत नव्हती. बैलांना आठवडा लागायचा ते काम दिवसात उरकतंय, याचंच सगळ्यांना कौतुक.

माझ्या लग्नाला तेव्हा वर्ष झालं होतं. थोरल्या जाऊबाईंना मी आक्का म्हणायचे. त्या दुपारी आम्ही दोघी ज्वारीची कणसं पाट्यांतून मशीनपाशी नेत होतो. भुस्कट नाकातोंडात जाई, म्हणून आक्कांनी पदर सोडून तोंडाला गुंडाळला होता. पट्ट्याजवळ थोडी कणसं सांडली. त्या वेचायला वाकल्या, तोच पदराचं टोक सुटून पट्ट्याला लागलं. ते ओढून घ्यायला त्यांनी उजवा हात घातला.

मी ओरडले. चाचांनी झेप घेऊन इंजिन बंद केलं, पण चाक लगेच थांबत नाही. पट्टा उतरवला तेव्हा आक्का शुद्धीवर होत्या. हाताकडे न बघता म्हणाल्या, "पोरांना हिकडं येऊ दिऊ नगं."

रस्त्यावरचा ट्रक थांबवून आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. अंगठा आणि करंगळी तेवढी वाचली. थोरले दीर पिंपरीच्या कंपनीतून शिफ्ट संपवून थेट तिथंच आले. खाटेपाशी बसून राहिले आणि पुन्हा पुन्हा एकच बोलले, "आमच्या कंपनीत पट्ट्याला जाळी असती गं."

आक्का डाव्या हातानं भाकरी थापायला शिकल्या. वर्ष गेलं, ज्वारी पुन्हा कापणीला आली. मामंजी म्हणाले, "औंदा बैलंच धरू. मशीन नगं."

"येऊ द्या मशीन," आक्का म्हणाल्या. "पर मी सांगंल तसं."

मशीन आलं त्या सकाळी त्यांनी बोरीच्या काट्या आणायला लावल्या आणि पट्ट्याच्या दोन्ही अंगांना कुंपणासारख्या रचून घेतल्या. प्रत्येक बाईचा पदर कमरेला घट्ट खोचला की नाही, ते स्वतः पाहिलं. तोंडाला बांधायला जुन्या धोतराचे तुकडे दिले. एक म्हातारी हसली, "येवढं कशापायी गं?"

"कंपनीत जाळी असती. आपल्याकडं जाळी न्हाई, काट्या हायत," आक्का म्हणाल्या.

चाचा हँडल हातात धरून उभे होते. ते मान खाली घालून म्हणाले, "भाभी, तुम्ही हो म्हणाल तरच चालू करतो."

आक्कांनी मान हलवली. इंजिन धडधडलं, तशी त्यांनी डाव्या हातानं माझा दंड पकडला. त्यांची बोटं माझ्या दंडात रुतली. मी म्हटलं, "आक्का, घरी जाऊ या." त्या हलल्या नाहीत. कुणी काट्यांजवळ गेलं की तिथूनच हाक मारत. दुपार कलली, कणसं संपली, चाचांनी पट्टा उतरवून गुंडाळला. मग आक्कांनी माझा दंड सोडला आणि ज्वारीच्या राशीशेजारी मट्‌कन खाली बसल्या.

"भूक लागली गं," त्या म्हणाल्या. मी फडकं सोडून भाकरी त्यांच्यापुढं ठेवली.