अल्फियस क्रँडलची चौथी बुडी

मिसिसिपी नदीकाठच्या आमच्या मॉर्मन पंथाच्या वस्तीत अल्फियस क्रँडलइतका पक्का श्रद्धावान दुसरा नव्हता. आम्ही बाकीचे धर्मात एकेकदा आलो. तो तीनदा आला. आता तीनदा यायचं म्हणजे मधे दोनदा जावं लागतं, त्याला तो तरी काय करणार?

धंद्याने तो पिंपं बांधायचा. ओकच्या फळ्या अशा बसवायचा की त्याच्या पिंपातून थेंब गळायचा नाही. तोंडातून मात्र सगळं गळायचं. आमची वस्ती ओहायोत असताना गायनाच्या म्होरक्याने एवढंच म्हटलं, "ब्रदर क्रँडल, जरा हळू गाता का?" झालं, स्वारी धर्म सोडून चालती! मिझुरीत गर्वावरचं प्रवचन चालू असताना प्रवचनकाराने दोनदा त्याच्याचकडे पाहिलं, तेव्हा दुसऱ्यांदा.

जायचं तेही गुपचूप नाही. गाडीत हत्यारं टाकायची, गाडीवर उभं राहून राजीनाम्याचं पत्र अख्ख्या वस्तीला वाचून दाखवायचं आणि मग बायकोला विचारायचं, "मेहिटेबल, येतेस ना?"

"पाव भट्टीत आहे," मेहिटेबल म्हणायची आणि आत जायची.

मग दीड-दोन महिने दुसऱ्या पंथातल्या, मेथडिस्ट भावाच्या घरी राहून, भावजयीच्या हातचं खाऊन त्याची श्रद्धा पुन्हा जागी व्हायची. परत यायचा, सभेत सगळे हात वर करून त्याला घ्यायचे आणि नदीत बुडी देऊन पुन्हा पावन करायचे.

तिसऱ्यांदा तो गेला तो एका टाकीपायी. हिवाळ्यात बर्फ फोडून बुडी द्यायची तर म्हाताऱ्यांचे हाल व्हायचे. म्हणून आमचे प्रमुख, ब्रदर टटल, यांनी सभाघरात मोठी लाकडी टाकी करायचं ठरवलं, आणि काम दिलं नुकत्याच इंग्लंडहून आलेल्या ओबेड रॉथवेल सुताराला.

"फळ्या, कड्या आणि पाणी!" अल्फियस गाडीवरून गरजला. "याला पिंप नाही तर काय म्हणतात? आणि करणार कोण, तर खुर्च्यांना पाय लावणारा! त्या डबक्यात मी मेलो तरी पाय ठेवणार नाही!"

आणि गेला नदीपलीकडे, आयोवात. चार महिने झाले. मंदिराच्या बांधकामाला घरटी दर दहाव्या दिवशी एका माणसाने राबायचं असतं. त्याच्या वाट्याचा दिवस मेहिटेबल भरत होती, पाथरवटांना पाणी वाहून. कुणी विचारलंच, "नवरा कुठे?" तर म्हणायची, "पलीकडेच असेल. अलीकडे असता तर ऐकू आला असता."

फेब्रुवारीत गोठलेल्या नदीवरून तो चालत आला, खांद्यावर हत्यारांची पिशवी. रविवारी सभा भरली.

"ब्रदर क्रँडलना परत घ्यावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी उजवा हात वर करा."

सगळे हात वर झाले, रॉथवेलचासुद्धा. टाकीला लागूनच्या पहिल्या बाकावर मेहिटेबल मात्र मोजा विणत बसली होती.

"सिस्टर क्रँडल, तुमचा हात?"

"कामात आहे."

"एकाचाही हात राहिला तर कसं घ्यायचं यांना?" ब्रदर टटल काकुळतीला आले.

"तीन वेळा घेतलंत ना? मी एकदाच भिजले, मला पुरलं. याला नदीचं पाणी लागतच नाही. आधी त्या टाकीत घाला. मग बघू हाताचं."

अल्फियस लालबुंद झाला. "मी नदीत जातो. बर्फ मीच फोडतो!"

"मग फोड. आणि तसाच पलीकडे जा."

आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. ती थट्टा करत नव्हती. या खेपेला त्याला परतायला घर उरणार की नाही, तेच त्या मोज्यावर टांगलेलं होतं. अल्फियसने निमूटपणे कोट काढला.

टाकी त्याच्या उंचीला अपुरीच. पहिल्या बुडीला गुडघा वर राहिला. नखाएवढा भाग कोरडा राहिला तरी चालत नाही, म्हणून पुन्हा बुडी. दुसऱ्या बुडीला टाकी कण्हली आणि बुडाच्या सांध्यातून मेहिटेबलच्या बुटावर टप्प झालं. मग पुन्हा टप्प.

तिने वर पाहिलं. अल्फियस उभा राहून पाण्यात खाली बघत होता. त्याला कळलं होतं. त्याचं तोंड उघडलं. त्या उघड्या तोंडापायी मेहिटेबल तीनदा एकटी पडली होती. पलीकडे रॉथवेल हातातली टोपी पिळत उभा. "पाणी ठीक आहे ना, ब्रदर?"

तोंड मिटलं. अल्फियसने डावा पाय जरा सरकवला.

"झकास आहे," तो म्हणाला.

टपटप थांबली.

"आता बाहेर या, ब्रदर," टटल म्हणाले.

"थांबतो जरा."

"पश्चात्ताप झालाय हो बिचाऱ्याला," सिस्टर टटलनी डोळे पुसले.

मेहिटेबलने मोजा मांडीवर ठेवला आणि उजवा हात ताठ वर केला. "घ्या त्याला. पण इतक्यात काढू नका. तुम्ही सगळे जेवायला जा, मी आणते घरी."

सभाघर रिकामं झालं. रॉथवेल सगळ्यांत शेवटी, दारापर्यंत पोचला होता. मेहिटेबल टाकीवर वाकली.

"टाच दुखतेय का रे?"

"हळू बोल," अल्फियस कुजबुजला. "त्याला ऐकू जाईल."