न उघडणारे फोटो

पनवेलच्या त्या लग्नातला गोंधळ मला अजूनही कालच पाहिल्यासारखा आठवतो. माझ्या नोकरीची शेवटची काही वर्षं राहिली होती. तिथल्याच पोलीस ठाण्यात मी गुन्ह्यांच्या तपासाचा निरीक्षक होतो. दुपारची जेवणं उरकून नवरीच्या पाठवणीची तयारी चालू असताना हॉलवरून फोन आला, की वरच्या मजल्यावर नवरीच्या खोलीतून दागिन्यांची पिशवी गेली आहे.

नवरीचे वडील गावातले जुने दुकानदार, कोकणी मुसलमान. मुलगा आखातात नोकरीला. त्याने वर्षानुवर्षं पाठवलेल्या कमाईतून बहिणीसाठी एकेक दागिना घडवला होता. अंगावर घातलेले सोडून बाकीचा जड संच दुसऱ्या दिवशीच्या वलिम्याला, म्हणजे नवऱ्याकडच्या जेवणासाठी, मखमली पिशवीत ठेवला होता. नवरीच्या आईने जेवायला खाली उतरण्यापूर्वी ती पिशवी कपाटात स्वतःच्या हाताने चाचपून पाहिली होती. जेवून वर आल्या तेव्हा कपाट उघडं होतं.

आम्ही पोचलो तेव्हा पाहुण्यांनी आपला निकाल आधीच लावून टाकला होता. नवरीला सजवायला आलेली ब्यूटीपार्लरवाली बाई खोलीतून सर्वांत शेवटी खाली आली होती, एवढं त्यांना पुरे होतं. पनवेलजवळच्या विचुंब्यात तिचं छोटं पार्लर होतं, नवरा तळोज्याच्या कारखान्यात पाळीवर जायचा. बायकांनी तिची बॅग जमिनीवर उपडी केली होती. ब्रश, पिना, पावडरीचे डबे सगळे पसरले होते आणि ती भिंतीला टेकून उभी होती. रडत नव्हती. बॅगेत काही मिळालं नाही, तेव्हा तिने बाहेर कुणाला तरी पिशवी दिली असणार, असं ठरलं.

गुन्हा नोंदवला, पंचनामा केला. वरच्या मजल्यावरचा कॅमेरा बंद निघाला, आणि हॉलमालकाला ते आमच्याकडूनच कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी महिला हवालदाराच्या समोर त्या बाईचा जबाब घेतला. इतक्या वर्षांत मी एक पाहिलं आहे, की खोटं बोलणारा माणूस प्रश्नाच्या आधीच उत्तरं द्यायला लागतो. ही बाई विचारलं तेवढंच सांगत होती. शेवटी मी विचारलं, तुम्हाला काही सांगायचं आहे का?

ती म्हणाली, "साहेब, मला अटक करायची तर करा. पन असं अर्धवट लटकवून ठेवू नका. एक तर चोर म्हना, नायतर नाय म्हना. आजपासून माझ्याकडं कोनी नवरी बसनार नाय."

आणि तसंच झालं होतं. जबाब देऊन ती घरी पोचेपर्यंत तिच्या पुढच्या दोन ऑर्डरी रद्द झाल्या.

आजकालच्या लग्नात कॅमेरा बंद असला तरी फोन बंद नसतात. मी पाहुण्यांचे फोटो गोळा करायचं ठरवलं. नवरीचे वडील अडखळले. म्हणाले, "साहेब, घरच्या बायकांचे फोटो आहेत. इज्जतीचा सवाल आहे." मी त्यांना शब्द दिला, की फोटो महिला हवालदारच पाहील, मला फक्त कामाचा तेवढा दाखवील आणि एकही प्रत ठाण्याबाहेर जाणार नाही. तेवढ्यावर त्यांनी सगळ्या नातेवाइकांना फोटो द्यायला सांगितलं.

ही महिला हवालदार संगणकाच्या कामात तयार होती आणि कंटाळा हा शब्द तिला ठाऊक नव्हता. तिने शेकडो फोटो पाहिले. हळदीपासून निकाहापर्यंत सगळ्या जातीधर्मांचे शेजारी त्यात हसत होते, पण कामाचं काही नव्हतं. मात्र एक फोल्डर तसंच पडून राहिलं. नवरीची खाला, म्हणजे मावशी, कुवेतहून आली होती. लग्नभर तिचा फोन हातातून खाली नव्हता. ती दुसऱ्याच दिवशी परत गेली होती आणि तिथून तिने मूळ फोटो जसेच्या तसे लिंकने पाठवले होते. आमच्या संगणकावर त्यातला एकही उघडेना. चित्राच्या जागी कोरं पान, आणि क्लिक केलं की हा प्रकार ओळखता येत नाही असा संदेश.

ठाण्यात प्रत्येकाने आपली अक्कल लावून पाहिली. एकाने फाईलच्या नावामागचं एचईआयसी खोडून तिथं जेपीजी लिहिलं. तरी ती उघडेना. पाटी बदलून आतला माल बदलत नाही. दुसरा म्हणाला, फाईल खराब झाल्यात, सोडून द्या. तिसऱ्याने एक वेबसाइट शोधली, तिथे फोटो चढवले की फुकट बदलून मिळतात. त्याला मी तिथेच थांबवलं. कुणाच्या घरच्या लेकीसुनांचे फोटो कुठल्या अनोळखी वेबसाइटवर टाकायचे? शिवाय तो पुरावा होता. उद्या कोर्टात विचारलं असतं, मधे फाईल कुणाच्या हातात होती, तर सांगणार काय?

खालाने तेच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर घरच्यांना पाठवले होते, ते उघडत होते. पण तिथून येताना फोटो दाबून लहान होतो आणि तो कधी काढला ही नोंद गळून पडते. मागची माणसं तर डागासारखी दिसत होती.

नेमकी याच सुमारास टीप आली. महामार्गावर टायरचं दुकान चालवणारा माझा एक जुना माहीतगार होता. तो म्हणाला, फुलांची सजावट करणाऱ्यांपैकी एक जण जुनं सोनं वितळवणारा कुणी आहे का म्हणून चौकशी करतोय. त्या लग्नाची सजावट त्याच लोकांची होती.

त्या माणसाला बोलावलं. तिशीचा, नीटनेटका, नम्र. वरच्या मजल्यावर गेला होतास का, असं विचारल्यावर त्याने नाही म्हटलं नाही. सकाळी नवरीच्या खोलीच्या दारावर फुलांच्या माळा लावायला गेलो होतो, त्यानंतर पाठवणीपर्यंत मागच्या अंगणात टेम्पोपाशी होतो, असं तो म्हणाला. सोन्याची चौकशी मित्रासाठी केली होती म्हणे. मी तेच तीन वेगवेगळ्या प्रकारे विचारलं, तीन वेळा तेच उत्तर आलं. त्याचा सविस्तर जबाब लिहून घेतला आणि त्याला जाऊ दिलं. संशयावर माणूस डांबून ठेवला की पुढचं काम कच्चं राहतं. एक साध्या वेशातला शिपाई मात्र त्याच्यावर लक्ष ठेवून होता.

आता ते फोल्डर उघडणं भाग होतं. मी आणि महिला हवालदार आयुक्तालयाच्या सायबर शाखेत गेलो. तिथल्या अधिकाऱ्याने समजावून सांगितलं, की फाईल खराब नाहीत. आयफोन जागा वाचवण्यासाठी फोटो या वेगळ्या प्रकारात साठवतो, आणि तो प्रकार वाचणारं सॉफ्टवेअर आमच्या जुन्या संगणकावर नव्हतं इतकंच. त्याने आधी प्रत्येक मूळ फाईलचं हॅश मूल्य काढून नोंदवलं. ते म्हणजे फाईलच्या बोटाचा ठसा. आत एक ठिपका बदलला तरी ठसा बदलतो. मग मूळ फाईल बाजूला सुरक्षित ठेवून, इंटरनेट नसलेल्या संगणकावर त्यांच्या प्रतींचं जेपीजीमध्ये रूपांतर केलं.

फोटो पडद्यावर एकामागून एक उमलत गेले. महिला हवालदार एका फोटोपाशी थांबली आणि तिने मला बोलावलं.

वरच्या मजल्यावर एक मोठा आरसा होता. खालाने आरशासमोर उभं राहून स्वतःचा आणि नवरीच्या दोन मैत्रिणींचा फोटो काढला होता. आरशात त्यांच्या मागे नवरीच्या खोलीचं दार दिसत होतं. दारातून एक माणूस बाहेर येत होता, हातात निळा प्लॅस्टिकचा क्रेट, वर फुलं. व्हॉट्सअ‍ॅपवर तो नुसता डाग होता. इथे मोठं करून पाहिलं तर चेहरा स्वच्छ ओळखू येत होता. आमचाच सजावटवाला.

माझा आनंद क्षणभरच टिकला. फोटोबरोबर नोंदलेली वेळ सकाळी साडेअकराची होती. म्हणजे तो खरं बोलत होता. सकाळी वर गेलो होतो, असंच त्याने सांगितलं होतं. महिला हवालदार खुर्चीत मागे टेकली. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मला दिसलं, पण मी दुसरीकडे पाहिलं.

तसाच मी फोटोकडे बघत राहिलो. आपण ज्याला शोधतोय त्याच्याकडेच बघतो आणि बाकीची माणसं राहून जातात, म्हणून मी मुद्दाम त्या दोन मैत्रिणींकडे पाहिलं. दोघींच्या हातात आइसक्रीमचे कप होते.

"मॅडम, सकाळी साडेअकराला आइसक्रीम कुठून आलं?"

ती ताडकन उठून बसली. आइसक्रीम जेवणानंतर होतं, हे केटररच्या जबाबात होतं. तिने सायबरच्या अधिकाऱ्याला मूळ फाईलची सगळी माहिती उघडायला लावली. त्यात वेळेच्या पुढे ती कुठल्या देशाची हेही नोंदलेलं होतं. ती भारताची नव्हती, कुवेतची होती. आपल्यापेक्षा अडीच तास मागे. म्हणजे फोटो आपल्या घड्याळाप्रमाणे दुपारी दोनचा, ऐन जेवणाच्या वेळचा.

तिथूनच खालाला फोन लावला. ती म्हणाली, "हो साहेब, मी फोनची वेळ बदलतच नाही. शौहरची ड्युटी तिकडची, त्यांना कधी फोन करायचा ते बघायला लागतं ना."

सायबर शाखेच्या त्या खोलीत आम्ही तिघांनी एकमेकांशी हात मिळवले. मला आठवतं, त्या अधिकाऱ्याने स्वतः खाली जाऊन चहा आणला.

दुसऱ्या दिवशी सजावटवाल्याला पुन्हा बोलावलं. फोटो फाईलमध्येच ठेवला. आधी त्याच्याकडून पुन्हा सगळं वदवून घेतलं. जेवणाच्या वेळी टेम्पोपाशी, वर पायही ठेवला नाही. मग छापील फोटो त्याच्यासमोर सरकवला. तो म्हणाला, हा सकाळचा आहे. मी आइसक्रीमच्या कपावर पेन टेकवलं. त्याने फोटो जवळ ओढला, बराच वेळ पाहिला, आणि पाणी मागितलं.

पाणी पिऊन तो म्हणाला, "बाई खाली गेली तेव्हा खोली उघडीच होती, साहेब."

त्याला अटक केली. त्याने पंचांसमोर निवेदन दिलं आणि आम्हाला तळोज्याच्या एका नव्या इमारतीत बहिणीच्या घरी नेलं. बहिणीला काही माहीत नव्हतं. सजावटीचं सामान म्हणून त्याने खोकी ठेवली होती. फुलं खोचायचा हिरवा स्पंज असतो, त्याच्या विटा आतून कोरून त्याने एकेक दागिना दडवला होता. पंच एकेक वीट फोडत होते आणि हिरव्या भुग्यातून सोनं निघत होतं. यादीशी ताडून पाहिलं, एक कर्णफूलही कमी नव्हतं.

ठाण्यात दागिने ओळखायला नवरीच्या आई आल्या. त्यांनी हार हातात घेतला आणि आधी विचारलं, "त्या पार्लरवाल्या बाईला सांगितलंत का?"

मी म्हटलं, ते तुम्हीच सांगितलेलं बरं.

त्याच संध्याकाळी नवरीचे आई-वडील दोघं विचुंब्याला गेले. महिला हवालदार सोबत होती, तिने मला नंतर सगळं सांगितलं. वडील घरात शिरले नाहीत, दारात उभे राहिले, शेजारी गोळा होईपर्यंत थांबले. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आमच्या घरात या ताईंवर इल्जाम लागला. तो झूठ होता. चोर दुसरा होता, पोलिसांनी पकडला. माझ्या घरच्यांनी त्यांची बॅग जमिनीवर ओतली, त्याची मी सर्वांसमोर माफी मागतो." आईने पिशवीतून नवी मेकअपची पेटी काढून दिली. बाईने ती लगेच घेतली नाही. आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग शेजारणींकडे. आणि पेटी घेताना पहिल्यांदा रडली.

खटला चालला. बचाव पक्षाच्या वकिलांनी फोटो 'बदललेला' आहे यावर बराच जोर दिला. आम्ही मूळ फाईल, तिचं हॅश मूल्य आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र हजर केलं. खालाने कुवेतहून येऊन साक्ष दिली. आरोपीला शिक्षा झाली आणि दागिने न्यायालयाच्या आदेशाने घरी गेले.

निवृत्त होण्यापूर्वी मी ठाण्यात एक सवय लावून आलो. जी फाईल उघडत नाही, तिच्यापुढे 'काही नाही' असं लिहायचं नाही, 'उघडली नाही' असं लिहायचं आणि उघडू शकणाऱ्याकडे न्यायची. माणसांच्या बाबतीत हे मला आधीपासून कळत होतं. गप्प राहिलेल्या माणसाच्या मनात काही नाही असं मी कधी मानलं नाही. यंत्राच्या बाबतीत ते त्या केसने शिकवलं. आणि आणखी एक शिकवलं. जिथे स्पष्ट दिसत नाही, तिथे लोक जवळ उभ्या असलेल्या गरिबाचा चेहरा बसवतात. तो डाग मोठा करून पाहणं, एवढंच खरं पोलिसाचं काम. त्या वेळी आम्ही ते केलं, याचं समाधान माझ्या कुठल्याही पदकापेक्षा मोठं आहे.