पुकारेमामांचा उजवा गुडघा

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या पुकारेमामांचं खरं आडनाव इमारतीत फक्त विजेचं बिल वाटणाऱ्याला ठाऊक आहे. बाकी सगळ्यांचे ते पुकारेमामा, कारण तेहतीस वर्षं त्यांनी कोर्टाच्या दारात उभं राहून पुकारा केला. खटला निघाला की वादी, प्रतिवादी, साक्षीदार अशी एकेकाला हाक मारायची. पहिली हाक जिन्याकडे तोंड करून, दुसरी व्हरांड्याकडे, आणि तिसरी फाटकाबाहेरच्या चहावाल्याकडे, कारण निम्मे साक्षीदार तिथेच बसलेले असत. तीन हाका झाल्या की माणूस हजर तरी, नाहीतर गैरहजर तरी. मामांच्या अख्ख्या नोकरीत "मला ऐकूच आलं नाही" ही सबब एकाही न्यायाधीशाने मानली नाही, आणि या गोष्टीचा मामांना फार अभिमान होता.

तेहतीस वर्षं दगडी फरशीवर उभं राहिल्यावर गुडघे झिजणारच. डावा कुरकुरत का होईना तग धरून राहिला, उजव्याने मात्र हात टेकले. शेवटी डॉक्टरांनी तो सांधा काढून धातूचा नवा बसवायचं ठरवलं. मामा ऑपरेशनला हसत गेले. दुखते ती जुनी वस्तू, नवीला काय होतंय, अशी त्यांची समजूत. चौथ्या दिवशी घरी परतले तेव्हा त्यांचा चेहरा बघूनच मामींनी काय ते ओळखलं.

"अहो, नवी चप्पलसुद्धा चावते," मामी म्हणाल्या. "हा तर गुडघा आहे."

चावणं म्हणजे काय ते मामांना पुढच्या पंधरा दिवसांत समजलं. गुडघा टम्म सुजला, तापलेल्या इस्त्रीसारखा गरम लागायला लागला. टाक्यांच्या बाजूच्या कातडीला हात लावला तर काही कळत नसे, आणि आत मात्र कुणीतरी पाना घेऊन दिवसभर बोल्ट आवळत बसल्यासारखं वाटे. गोळ्या होत्या, बर्फाच्या पिशव्या होत्या, वॉकर होता. गुडघ्याखाली उशी घेतली की तेवढं बरं वाटायचं, आणि नेमकी तीच मना होती, कारण वाकलेल्या पायाला वाकूनच राहायची सवय लागते. मामा उशी चोरून घेत, मामी ती ओढून काढत. शेवटी मामींनी घरातल्या झाडून सगळ्या उश्या कपाटात घालून कुलूप लावलं, तर दुसऱ्या दिवशी मामांच्या गुडघ्याखाली गुंडाळी केलेला टेबलक्लॉथ सापडला.

व्यायाम करून घ्यायला रोज एक मुलगी यायची. अंगाने काडी, पण पकड पोलिसाची. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, शून्य ते दहामध्ये किती दुखतंय? मामा विचारात पडले. अंदाजाने आकडे सांगणारे साक्षीदार उलटतपासणीत कसे भुईसपाट होतात ते त्यांनी जन्मभर पाहिलं होतं. दहा म्हणजे नेमकं किती हे कुणी ठरवलं, आणि दहा सांगून झाल्यावर आणखी दुखलं तर पुढे काय, याचा खुलासा झाल्याशिवाय आकडा देणार नाही, असं त्यांनी तिला सांगितलं. मुलीने पाच मिनिटं वाट पाहिली आणि कागदावर "खूप" असं लिहून टाकलं.

खरी अडचण वेगळीच होती. मामांना कण्हता येत नव्हतं. कोर्टात "शांतता राखा" हे सांगायचं कामही त्यांचंच. रडणाऱ्या बायका, हमरीतुमरीवर आलेले भाऊ, घोरणारे वकील, सगळ्यांना ज्याने गप्प केलं त्याने स्वतः विव्हळायचं कसं? मुलगी पाय वाकवायला लागली की मामा दात आवळत, श्वास कोंडत, मांडी लाकडासारखी कडक करत. मग गुडघा सत्तर अंशांवर जाऊन अडायचा तो अडायचाच. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस तर ते पलंगाच्या कडेला बसूनच राहिले. मामींना म्हणाले, "मी चूक केली का गं? जुनाच बरा होता. तो दुखायचा, पण ओळखीचा होता." मामी बर्फाची पिशवी धरून शेजारी बसल्या. हे त्यांनी मला नंतर जिन्यात सांगितलं, आणि सांगताना उगाचच कठडा पुसत राहिल्या.

मुलीनेही स्पष्ट सांगून टाकलं की असंच चाललं तर पुन्हा भूल देऊन डॉक्टरांना पाय वाकवावा लागेल. श्वास कोंडू नका, म्हणाली, तोंडाने सोडा, आवाज काढा.

"आवाज म्हणजे कसला?" मामांनी विचारलं.

"तुम्हाला येतो तो."

तिने पाय वाकवायला घेतला. मामांनी तोंड उघडलं, आणि तेहतीस वर्षांचा आवाज छातीच्या तळातून वर आला.

"हाऽऽजिर हो!"

आम्ही बरोबर खाली राहतो. माझ्या हातातली बशी खाली पडली. समोरच्या घरातले आजोबा आंघोळ अर्धवट टाकून टॉवेलवर दारात आले. जिना चढणारा कुरिअरवाला "आलो, आलो" करत थेट मामांच्या घरात शिरला आणि त्यांचं नसलेलं पार्सल त्यांच्या सहीने देऊन गेला. वर त्या मुलीने मोजलं तर गुडघा पंचाहत्तर अंशांवर पोचला होता. श्वास सुटला की मांडी सैल पडते, तेवढंच त्यामागचं शास्त्र.

मामा मात्र बेचैन झाले. पुकारा एकदाच झाला होता, तोही नाव न घेता. असा अर्धामुर्धा पुकारा त्यांनी कधी केला नव्हता. करायचा तर रीतसर करायचा, तीन वेळा, तीन दिशांना. पण कोर्टाबाहेर कुणाचं नाव पुकारणं बरं नव्हे, म्हणून नावाऐवजी खटल्यावरून हाक मारायचं त्यांनी ठरवलं. आणि हाक मारायची ती फक्त तेव्हा न आलेल्यांना. जे येऊन गेले त्यांना पुन्हा कशाला त्रास?

दुसऱ्या दिवसापासून आमच्या जिन्यात घुमायला लागलं. "हरवलेल्या शिडीच्या खटल्यातले मामेभाऊ, हाऽजिर हो!" "दोन किल्ल्यांच्या खटल्यातली नणंद, हाऽजिर हो!" एका नणंदेपायी गुडघा तीन अंश सरकला.

सोसायटीचे चेअरमन तक्रार घेऊन वर गेले. दारात पाऊल टाकलं आणि नेमका पुकारा सुरू झाला. चेअरमन नकळत "हजर" म्हणाले आणि खुर्चीत बसले. एकदा हजर झाल्यावर तक्रारीचं तोंड राहिलं नाही. मग वेळा ठरल्या: सकाळी अकरा आणि दुपारी चार. मधे जेवणाची सुट्टी असावी असं मामींनी बजावलं. आठवडाभरात लोकांना सवय झाली. अकराचा पुकारा झाला की दूध तापवायला ठेवायचं, असं माझंही ठरून गेलं.

दुखणं काही पळालं नव्हतं. व्यायामाआधी अर्धा तास गोळी, नंतर बर्फ, संध्याकाळी पुन्हा सूज. पण गुडघा नव्वदीच्या आसपास आला होता, आणि तिथे मात्र पुन्हा अडला.

त्याच सुमाराला जिन्याला रंग द्यायचं काम निघालं. एक म्हातारा रंगारी एकटाच यायचा, बोलायचा नाही, सावकाश ब्रश फिरवत राहायचा. सहाव्या आठवड्यातल्या एका दुपारी मामांनी हाक मारली.

"भिंतीच्या खटल्यातला रंगारी, हाऽजिर हो!"

तिसऱ्या हाकेला दार ढकललं गेलं. हातात ब्रश, टोपीवर क्रीम रंगाचे शिंतोडे.

"आलो, साहेब," रंगारी म्हणाला. "उशीर झाला."

भिंतीचा खटला मामांना तोंडपाठ होता. दोन भाऊ, वडिलांचं एक घर, आणि दिवाणखान्याची लांबच्या लांब भिंत. ती भिंत निम्मी हिरवी, निम्मी पिवळी. वडिलांनी जाण्यापूर्वी रंगाने वाटणी करून ठेवली, यावर दोघांचं एकमत होतं. भांडण होतं ते मधल्या रेघेवरून, कारण रेघ तिरकी होती. वर मोजली तर थोरल्याला हातभर जास्त, खाली मोजली तर धाकट्याला. अकरा वर्षं खटला चालला. दोन्हीकडच्या वकिलांनी तिरकी रेघ म्हणजे काय यावर भाषणं केली. ती रेघ मारणारा रंगारी हा एकुलता एक साक्षीदार, आणि तो एकोणीस पुकाऱ्यांना आला नाही. शेवटी खटला कंटाळून मिटला. भाऊ त्याच घरात राहिले, मधे पडदा लावून.

मामांनी पहिला प्रश्न विचारला तो भिंतीबद्दल नव्हता.

"तेव्हा ऐकू येत होतं?"

"स्पष्ट," रंगारी म्हणाला. "चहावाल्याच्या बाकावरच बसलेलो असायचो. एकोणीसही वेळा."

मामांच्या चेहऱ्यावर ऑपरेशननंतर पहिल्यांदा समाधान दिसलं. मामींनी खुर्ची पुढे केली, पण साक्ष उभ्यानेच द्यायची असते असं म्हणून रंगारी उभाच राहिला. मुलीने मामांचा पाय हातातच धरून ठेवला होता.

रंगाऱ्याने सांगितलं ते असं. वडिलांना भिंत पूर्ण हिरवी हवी होती. काम निम्म्यावर आलं आणि डबा संपला. ब्रश जिथपर्यंत पोचला तिथपर्यंत हिरवं झालं, म्हणून रेघ तिरकी. दुकानात तो हिरवा पुन्हा मिळेना, तेव्हा पिवळा आणला. वडील म्हणाले, चालेल, भिंतीकडे कोण बघतंय.

"मग हे तेव्हाच का नाही सांगितलंत?" मामा म्हणाले.

रंगारी खाली बघत राहिला. भर कोर्टात, म्हणाला, भिंतीला किती रंग लागेल याचा अंदाज मला आला नाही असं कसं सांगू? पुढे मला काम कुणी दिलं असतं?

मग मामा हसायला लागले. अकरा वर्षं, चार वकील, तीन न्यायाधीश, एकोणीस पुकारे, आणि एक संपलेला डबा. ते इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मुलगी म्हणाली, "मामा, एकशे दोन."

त्या संध्याकाळी गुडघा असा काही ठणकला की मामी दोन वेळा बर्फ बदलत बसल्या. पण पाय वाकला तो वाकला.

तीन महिन्यांनी, काठी घेऊन पहिल्यांदा बाहेर पडायची परवानगी मिळाली, तेव्हा मामा बागेत गेले नाहीत. रंगाऱ्याला घेऊन त्या दोन भावांकडे गेले. दाराशी सात पायऱ्या होत्या. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, हे मुलीने घोकून घेतलं होतं. प्रत्येक पायरीवर मामा थांबत, आणि रंगारी कोपराला हात देऊन, श्वास सोडा, श्वास सोडा, असं म्हणत राही.

भावांनी सगळं ऐकून घेतलं, थोरल्याने पडद्याच्या या बाजूला बसून, धाकट्याने त्या. मग थोरला म्हणाला की हे साफ खोटं आहे, आमचे वडील असे निष्काळजी नव्हते. पडद्यापलीकडून धाकटाही म्हणाला, दादा म्हणतोय ते बरोबर आहे. रंगाऱ्याने शपथेवर सांगायची तयारी दाखवली, तर दोघांनीही त्याला मिळून घराबाहेर काढलं. मामांना मात्र म्हणाले, तुम्ही बसा, तुमचा पाय दुखत असेल. आणि धाकट्याने पडदा बाजूला सारून त्यांना पाय ठेवायला स्टूल दिलं.

आता सात महिने झालेत. पाय एकशे पंधरा अंश वाकतो. जिना उतरताना आणि बराच वेळ बसून उठताना दुखतंच. पुकारा मात्र बंद झालाय, मामा म्हणतात आता फक्त सुस्कारा पुरतो.

गेल्या आठवड्यात माझ्या सासूबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली, तेव्हा त्या वर जाऊन मामांना विचारून आल्या, खरंच किती दुखतं? मामांनी त्यांना खोटा धीर दिला नाही. खूप दुखतं, म्हणाले, मग थोडं कमी दुखतं, आणि त्या दोन्हींच्या मधे पुष्कळ दिवस जातात. सासूबाई घाबरल्या, पण खाली येऊन नीट जेवल्या. संध्याकाळी मामी मामांचा वॉकर घेऊन आल्या. सासूबाईंची उंची कमी, म्हणून मामींनी आणि मी मिळून त्याचे चारही पाय दोन दोन खाचा आत सरकवले.