बोर्डाचा डावा कोपरा

आमच्या ऑफिसात किस्से कुणी लक्षात ठेवत नाही, ते आपोआप साठतात. चेन्नईच्या वेलचेरीत बसून आम्ही एक बोर्ड बनवतो. त्यावर एआयशी गप्पा मारायच्या, पण ओळीखाली ओळ नाही. प्रत्येक उत्तराचं एक कार्ड, कार्डातून बाण, बाणातून नवी शाखा. बोर्डाला शेवट नाही, आणि आमचे मॅनेजर माधवराव काही पुसू देत नाहीत. ते तंजावरचे मराठी. कुणी डिलीटकडे हात नेला की म्हणतात, "असों दे. अस्कं असों दे." अस्कं म्हणजे सगळं.

आम्ही एकूण चौघं: माधवराव, टेस्टिंगची सेल्वी, कोड लिहिणारा कार्तिक आणि सोलापूरची मी.

*

कार्तिकनं एकदा बोर्डाला विचारलं, जेवायला काय मागवू? बोर्डानं हलकं, जड, व्हेज, नॉनव्हेज अशा शाखा काढल्या. कार्तिक पडला इंजिनिअर, त्यानं एकेक शाखा तपासली. बिर्याणीचे तोटे वाचून होईपर्यंत कॅन्टीन बंद! शेवटी सेल्वीच्या डब्यातला दहीभात आम्ही तिघांनी वाटून खाल्ला.

*

सेल्वी भाड्याचं घर बघत होती. पावसात तिथं पाणी भरतं का, एवढाच प्रश्न. बोर्डानं उतार, गटारं, जुनी तळी असं सगळं मांडलं आणि शेवटी सांगितलं, "हे अनेक घटकांवर अवलंबून आहे." सेल्वी सरळ त्या बिल्डिंगच्या वॉचमनकडे गेली. त्यानं हात छातीपर्यंत नेऊन पाण्याची उंची दाखवली.

*

एकदा क्लायंटनं विचारलं, यात उत्तर कुठंय? ते शोधायला माधवरावांनी बोर्ड लहान केला, मग अजून लहान केला. कार्डं मोहरीएवढी झाली. क्लायंट स्क्रीनजवळ वाकला आणि म्हणाला, "व्हेरी कॉम्प्रिहेन्सिव्ह." काम आम्हाला मिळालं.

*

एवढा मोठा बोर्ड म्हटल्यावर प्रत्येकानं आपला एक खासगी कोपरा धरला. कार्तिकच्या कोपऱ्यात लग्नाचा बायोडेटा होता, माझ्या कोपऱ्यात पुण्याला बदली मागणारे अर्ज, एकही न पाठवलेला. कोपरे सगळ्यांना माहीत होते, पण तिकडे कुणी जायचं नाही. माधवरावांना कोपराच नाही, असं आम्ही समजत होतो.

*

मग बातमी आली, चौघांतला एक कमी करायचा. शुक्रवारपर्यंत नाव माधवरावांनी द्यायचं. आम्ही तिघं एकदम वेळेवर यायला लागलो. मी तर माधवरावांना रोज फिल्टर कॉफी नेऊन देत होते. खोटं कशाला सांगू, मला भीती वाटत होती.

शुक्रवारी मोठे साहेब व्हिडिओ कॉलवर आले. कार्तिक बोर्ड दाखवत होता, आणि गडबडीत 'सगळं दाखवा' हे बटण दाबलं गेलं. डाव्या टोकाला, जिथं काहीच नाही असं आम्हाला वाटायचं, तिथं चार कार्डं होती. चौघांची चार नावं, आणि प्रत्येकाखाली एआयचा तोच प्रश्न: यांना का ठेवावं?

सेल्वीखाली माधवरावांनी लिहिलं होतं, चूक सापडल्याशिवाय घरी जात नाही. कार्तिकखाली, लग्न ठरू घातलंय, आत्ता नको. माझ्याखाली, जाते जाते म्हणते पण जात नाही, हिला इथं करमतंय.

चौथं कार्ड माधवरावांचं. त्याखाली काहीच नव्हतं.

साहेबांनी विचारलं, ही शाखा रिकामी का?

माधवराव म्हणाले, "तिथें लिहिण्यासारखं काय नाही, सर. असों दे."

सेल्वीनं कार्तिकच्या हातातला माउस काढून घेतला आणि त्या रिकाम्या जागी टाइप करायला लागली. कॉल संपला तरी ती लिहीतच होती.