सामान येईपर्यंत उंबऱ्याबाहेर

माझ्या माहेरी चकवा, हडळ, मुंजा असलं बोलणं निघालं की मी उठून भांडी घासायला जायची. वेळ फुकट जातो, दुसरं काय. आजही कुणी अंगात आल्यासारखं करायला लागलं तर मला हसूच येतं. त्यामुळे इथे हे लिहिताना माझं मलाच विचित्र वाटतंय. सातवीतून शाळा सुटली माझी, मोबाईलवर एका बोटाने लिहितेय, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या. तुम्ही सगळे इथे एकमेकांचं शांतपणे ऐकून घेता, कुणी खोटारडं म्हणत नाही, त्याबद्दल आधीच आभार मानते.

हल्ली विमानतळावरून मेट्रोने सरळ गावात येता येणार म्हणून सगळ्यांना कौतुक आहे. आमच्या वेळी सहारच्या विमानतळावर उतरलेला माणूस नवी मुंबईत आणायचा म्हणजे अर्धा दिवस जायचा. मी सांगतेय ते असंच एक माणूस आणण्याबद्दल आहे... किंवा दोन.

नव्वदीच्या मधली वर्षं. बेलापूरपर्यंत गाड्या नुकत्या सुरू झालेल्या. आम्ही सानपाडा गावात, वरच्या मजल्यावर एका खोलीत राहायचो. पुढे सगळ्यांची मिळून एक लांब गॅलरी. घरात सासूबाई — त्यांना मी आत्या म्हणायची — धाकटे दीर पोपटभावजी, लग्नाची नणंद आणि मी. सासरे मार्केटात माथाडी होते, ते वारल्यावर त्यांच्या जागी भावजी लागलेले. सगळे मूळचे सातारकडचे. माझं माहेर तर अजून आत, पाटणच्या वर डोंगरात. हुंडा न घेता करून घेतलं होतं मला, आणि ते उपकार मी कधी विसरले नाही. विसरू दिलेही नाहीत म्हणा.

माझे मालक, दत्तू, लग्नानंतर चार महिन्यांत सौदीला गेले. दोन वर्षांनी पहिल्यांदा येणार होते. नणंदेची सोयरीक त्यांच्या येण्यावरच अडली होती. मुलाकडच्यांना टू-इन-वन, म्हणजे रेडिओ-टेप, आणि सोनं कबूल केलेलं. आत्यांनी अख्ख्या गॅलरीला सांगून ठेवलं होतं, "माझा दत्तू दोन पेट्या भरून आणतोय."

मंगळवारी सकाळी मी आणि भावजी जीप ठरवून सहारला गेलो. पेट्या मावाव्यात म्हणून मोठी जीप. कठड्याला टेकून उभी होते. नवरा ओळखू येईल का, हीच धास्ती. एकेक माणूस ढकलगाडीवर डोंगराएवढं सामान घेऊन बाहेर येत होता, आणि त्यांच्यात हे आले. रिकाम्या हातांनी. अंगावर पांढरा शर्ट, बाकी काही नाही. डाव्या अंगठ्याला नख नाही — लहानपणी उसाच्या चरकात गेलेलं. मी पहिल्यांदा अंगठाच बघितला, मग तोंड.

भावजींनी मागे बघितलं, पुढे बघितलं. "दादा, सामान?"

"मागनं येतंय."

"मागनं म्हंजी? कुनासंगं?"

"येतंय रं. मी आलोय न्हवं?"

भावजींचा चेहरा उतरला. जीपवाल्याला म्हणाले, "जा बाबा तू. मोकळ्या हातानं याला जीपमधी मिरवत न्यायाचा व्हय?" जीपवाला भांडला, शिव्या देत गेला. हे नुसते उभे. दोन वर्षांनी घरी आलेल्या माणसाला तिथेच, त्या कठड्यापाशी, अशी पहिली चपराक बसली.

मग रिक्षाने कुर्ला, तिथून गाडी. दुपारची वेळ, उलट्या दिशेची गाडी, डबा जवळपास मोकळा. भावजी मुद्दाम लांबच्या बाकावर जाऊन बसले. हे माझ्या शेजारी. मी हिंमत करून हात धरला — हे लिहिणं गरजेचं आहे म्हणून लिहिते — हात गरम होता, घामेजलेला होता. माणसाचा हात होता. मानखुर्द गेलं, गाडी खाडीच्या पुलावर आली आणि हे खिडकीतून पाण्याकडे बघत म्हणाले,

"आय ओवाळंल न्हवं मला?"

मला हसू आलं. "म्हणजे काय? पहाटेच भाकरी थापून ठेवलीय."

"मग बरं," म्हणाले.

ओवाळणं म्हणजे आमच्याकडे लांबचा प्रवास करून कुणी आलं, त्यातून पाणी ओलांडून आलं, की उंबऱ्याबाहेर उभं करून भाकरीचा तुकडा आणि पाणी वरून ओवाळून टाकायचं. वाटेत मागे लागलेलं असेल ते बाहेरच्या बाहेर जातं. तोवर आत पाऊल ठेवायचं नाही.

आत्या ताट, पाण्याचा तांब्या घेऊन तयारच होत्या. शेजारीपाजारी जमलेले. जिन्यातून आधी भावजी आले, मग हे, मग मी. आत्या आमच्या मागे जिन्याकडे बघत राहिल्या.

"पेट्या कुठं हायती?"

"मागनं येत्यात म्हनं," भावजी म्हणाले आणि चप्पल फेकून आत गेले.

चारचौघींत कुणीतरी फिसकन हसलं. आत्यांनी ताट खाली ठेवलं. "मग येऊ द्यात. सामान आलं की एकदमच ओवाळते. तवर बस हितं भाईर."

मला वाटलं, रागात आहेत, तासाभराने घेतील आत. नाही. त्यांनी गॅलरीत पोतं अंथरलं. दार उघडं, आम्ही आत, हे उंबऱ्यापलीकडे हाताच्या अंतरावर. जेवायला बसलो तेव्हा मी ताट वाढून उठले तर आत्या म्हणाल्या, "न ओवाळलेल्याला घरातलं अन्न द्यायचं न्हाई. रीत हाय." अशी रीत मी कधी ऐकली नव्हती. यांनी मागितलंही नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. शेजारची आगरी मावशी, बायजा, शेवटी न राहवून बोलली, "अगो, पोर तुजा कालपासून भायेर बसलाय! घरान घे त्याला, पानी तरी दे."

"तुझा पोरगा आला की तू घे," आत्या म्हणाल्या.

बायजामावशीने तिच्या घरचं पाणी आणून दिलं, ते हे प्यायले. मी बघितलंय. तिनेही बघितलंय.

त्या संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, खालचा बूथवाला हाक मारत आला. सौदीचा फोन आहे म्हणाला. आत्या आणि भावजी दोघं खाली गेले. मला वाटलं, सामानाचा निरोप असेल. मी यांना म्हटलंसुद्धा, "बघा, आलं सामान." हे नुसते मान खाली घालून बसले.

दोघं वर आले ते भिंतीला धरून. भावजी दम खात म्हणाले, "दादा होता फोनवर. मंगळवारची फ्लाइट चुकली म्हनतोय. उद्या सकाळी उतरतो... दोन पेट्या हायती, टेम्पो सांगून ठेव म्हनला."

"मी बी बोलले त्याच्याशी," आत्या म्हणाल्या. "माझाच दत्तू त्यो."

मग दोघांनी पोत्यावर बसलेल्या माणसाकडे बघितलं. तुम्हाला वाटेल घाबरले असतील. घाबरले होतेच, पण आत्यांच्या तोंडावर मी आणखी एक गोष्ट बघितली. सुटका. पेट्या येणार होत्या.

भावजी ओरडले, "कोन हायेस रं तू?"

"पोपट्या... मी."

"ऊठ. चालता हो हितनं."

मी मध्ये गेले. कुठून बळ आलं माहीत नाही. "आत्या, हेच आहेत. अंगठा बघा, आवाज ऐका. मी ओळखते."

"तू काय वळखतीस? चार महिन्याची बायकू तू! मी जन्म दिलाय त्याला."

"मग तुम्ही ओळखा की!"

आत्यांनी माझ्या मुस्काटात मारली. मी यांचा हात सोडला नाही, तेव्हा भावजींनी दारापाशी ओवाळायला भरून ठेवलेला तांब्या उचलला आणि फेकून मारला. डाव्या भुवईवर बसला. रक्ताची धारच लागली. मी पदर लावायला गेले तर आत्या म्हणतात, "उंबऱ्याच्या आत सांडू नका. भाईर, भाईर!"

हे स्वतःच उठले. माझी बोटं एकेक करून सोडवली. "शालन, राहू दे. आत जा. उद्या येईल त्याला काय बोलू नकोस. त्याला काय म्हाईत न्हाई."

जिना उतरून खाडीच्या बाजूला गेले. तिकडे तेव्हा चिखल आणि तिवरांच्या झाडीशिवाय काही नव्हतं. मी गॅलरीतून दिसेपर्यंत बघत राहिले. एकदाही मागे वळले नाहीत. आत्यांनी बादली ओतून उंबरा धुतला आणि म्हणाल्या, "घरात आलाच नव्हता त्यो. न ओवाळता आत आला न्हाई, म्हंजी आलाच न्हाई. कळलं का सगळ्यास्नी?"

दुसऱ्या सकाळी मला परत सहारला नेलं. या वेळी टेम्पो. हे बाहेर आले. ढकलगाडीवर दोन पेट्या, दोन ब्लँकेटं, वर टू-इन-वन. तोच अंगठा. तीच चाल. आणि डाव्या भुवईवर चिकटपट्टी, तिच्याखालून सुजलेलं.

भावजी पेट्या उचलायला पुढे झाले आणि पट्टी बघून दोन पावलं मागे सरले. मीच विचारलं, "हे काय झालं?"

"काल संध्याकाळी पेटी बांधताना पत्रा उडाला," हे म्हणाले. "लई नाय लागलं."

टेम्पोत भावजी ड्रायव्हरशेजारी बसले, घर येईपर्यंत मागे वळून बघितलं नाही त्यांनी. दारात आत्यांनी ओवाळायला तुकडा उचलला, आणि पट्टी बघितली, आणि तुकडा हातातून निसटून माझ्या पायावर पडला. मीच उचलून ओवाळला. बायजामावशी दारातून बघत होती. "ह्यो परवाच आयलेला ना गो?" तिने विचारलं.

"त्यो याचा दोस्त होता," आत्या म्हणाल्या.

मावशीने एकदा यांच्याकडे बघितलं, एकदा आत्यांकडे. आत गेली. परत आमच्या दारात कधी आली नाही.

यांना कुणी काही सांगितलं नाही. आत्यांनी देवावर हात ठेवून आम्हा सगळ्यांना शपथ घ्यायला लावली. नणंदेचं लग्न थाटात झालं. भावजी वर्षाच्या आत गावी निघून गेले, पुन्हा यांच्या समोर कधी जेवायला बसले नाहीत. आणि माझा संसार... खोटं कशाला बोलू, सोन्यासारखा झाला. हे परत सौदीला गेले नाहीत. इथेच गॅरेज टाकलं, फ्लॅट घेतला, मुलांना शिकवलं. माझ्यावर कधी हात उगारला नाही की आवाज चढवला नाही. माझ्या डोंगरातल्या आईला शेवटपर्यंत सांभाळलं. मी रोज त्यांचे आभार मानते, मनातल्या मनात. पण आभार मानताना कुणाचे मानतेय, हे मला आजवर कळलेलं नाही. एकदा मुलगा म्हणाला, "आई, तू बाबांकडे कधीकधी पाहुण्यासारखी बघतेस."

आत्या शेवटची दोन वर्षं अंथरुणात होत्या. त्यांचं सगळं हेच करायचे. अंघोळ, भरवणं, सगळं. डॉक्टर म्हणायचे, असा मुलगा मिळायला नशीब लागतं. जायच्या दिवशी दुपारी आत्यांच्या घशाला कोरड पडली. हे चमचाभर पाणी घेऊन बसले होते, मी पायथ्याशी. आत्यांनी डोळे उघडले, बराच वेळ यांच्याकडे बघितलं आणि विचारलं,

"दत्तू... तू कंचा रं त्यातला?"

मी यांच्या तोंडाकडे बघितलं.

हे नेहमीसारखंच हळू बोलले. "आय, तू म्हणशील त्यो."

आणि चमचा तसाच धरला. आत्यांच्या ओठांपासून बोटभर लांब. त्या तोंड उघडत होत्या, जीभ बाहेर येत होती, शब्द येत नव्हता. हे वाट बघत होते. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही... नुसती वाट बघत होते. मी म्हटलं, "अहो, पाजा ना!" त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. आत्या गेल्या तेव्हा चमच्यातलं पाणी तसंच होतं. मग हे उठले, दारापर्यंत गेले आणि ते उंबऱ्याबाहेर ओतून आले.

तेराव्यानंतर मी धीर करून विचारलं, "आत्यांनी त्या दिवशी काय विचारलं तुम्हाला?"

"काय विचारलं? मला कुठं ऐकू आलं," म्हणाले, आणि टीव्ही लावला.

झालं ते असं. याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही, आज लागत नाही. सौदीतला माणूस आणि गॅलरीतला माणूस एकाच वेळी एकच कसा असेल? आणि नसेल, तर त्या भुवईचं काय? हे आता आतल्या खोलीत झोपलेत, म्हणून लिहितेय. तुमच्यात कुणी जाणकार असेल तर असं का होतं ते जरूर सांगा, मी आभारी राहीन. फक्त एक विनंती आहे... दोघांतला माझा नवरा कोणता, ते मात्र सांगू नका. घरात आहे तो नवरा नसेल, तर मी इतकी वर्षं परक्याच्या जिवावर सुखात जेवले. आणि नवरा असेल, तर पोत्यावरून उपाशी उठून गेला तो कोण होता? यातलं कुठलंही उत्तर आलं, तरी मला या घरात राहता येणार नाही.